फुल्ली गुड

कच्च्या नूडल्सची काडी कानाजवळ नेऊन मोडणारा आणि ती मोडल्याचा आवाज डोळे मिटून ऐकणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते माझे घरमालक. फणसवाडीत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या तीन खोल्या आणि एक गॅलरी. त्यातल्या टोकाच्या खोलीत मी तीन वर्षं पेइंग गेस्ट म्हणून राहिले. नोकरी परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दिवसभर मी लोकांचं रक्त तपासायचे आणि घरी आले की काका मला तपासायचे.

तपासायचे म्हणजे अक्षरशः. काका कापसाचे पारखी. कॉटन ग्रीनच्या कापूस बाजारात छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. गासडीतून मूठभर कापूस काढायचा, चिमटीत धरून ओढायचा, तंतू किती लांब, किती चिवट, कचरा किती ते बघायचं आणि मालाची प्रत सांगायची. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण बोटांना ते कोणी कळवलं नव्हतं. भाजीवालीची मेथी, माझ्या ओढणीचं टोक, लग्नपत्रिकेचा कागद, समोर येईल ते अंगठा आणि तर्जनीच्या मधे जायचं. मान जरा कलती व्हायची. मग निकाल. निकाल चारच होते : गुड, फुल्ली गुड, फाइन आणि सुपरफाइन. 'फुल्ली गुड' ऐकायला बरं वाटतं. पहिल्या महिन्यात मीही फसले. पण मोजून बघा, ते खालून दुसरं येतं. शाळेत काठावर पास करतात ना, तेवढंच.

'सुपरफाइन' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नाही. एकदा विचारलं, "काका, कधी दिलंत तरी का हो सुपरफाइन?"

"एकदा," ते म्हणाले. "नांदेडकडचा लॉट होता." आणि त्यांचे डोळे चक्क पाणावले. बायको शेजारी बसून लसूण सोलत होती, तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही त्यांनी.

माणसंसुद्धा सुटायची नाहीत. एकदा मला बघायला म्हणून एक जण आला. शिकलेला, गोरागोमटा, 'नमस्कार काका' वगैरे म्हणणारा. काकांनी हात मिळवला, बोलता बोलता त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरली आणि सोडून दिली. तो जिना उतरायच्या आत मला म्हणाले, "मिक्सिंग आहे. वरचा थर चांगला, आत दुसराच माल." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चार महिन्यांनी कळलं की ह्या महाशयांचं ठाण्यात आधीच एकीशी ठरलेलं होतं. काका बरोबर निघाले ह्याचा मला त्या माणसापेक्षा जास्त राग आला.

आता अशा माणसाच्या घरात एकेचाळीस वर्षं स्वयंपाक करायचा म्हणजे काय, त्याचा विचार करा. काकू मालवणकडच्या. हाताला अशी चव की त्यांच्या सोलकढीसाठी मी ऑफिसच्या पार्ट्या बुडवल्यात. आणि काकांचं जेवताना काय, तर फुल्ली गुड. बांगड्याचं तिखलं, फुल्ली गुड. पुरणपोळी, फुल्ली गुड. रोजची आमटी तर गुडच्या वर चढायचीच नाही. काकूंच्या हातून पान उचलताना तेवढी भांडी जरा जोरात आपटायची.

मग तो बिरड्याचा दिवस आला. काकूंची बहीण आणि तिचे यजमान दादरहून जेवायला यायचे होते. काकूंनी दोन दिवस आधी वाल भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले आणि सकाळी पाच वाजल्यापासून बसून एकेक वाल सोलला. ज्यांनी वाल सोललेत त्यांना बोटांचं काय होतं ते माहीत आहे. पंगत बसली. बहीण म्हणाली, असं बिरडं आईनंतर आजच खातेय. यजमान तिसऱ्यांदा वाढून घेत होते. आणि आमच्या काकांनी पानातला एक वाल उचलला, चिमटीत दाबला, उजेडाकडे धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "फुल्ली गुड. दोन-चार साली राहिल्यात."

काकूंनी वाढायचा डाव पातेल्यात ठेवला. आवाज चढवला नाही, काही नाही. "एकेचाळीस वर्षांत एकदा तरी नुसतं 'छान झालंय' म्हणालात? साधं, सरळ? ज्या दिवशी म्हणाल, त्या दिवशी तुमचं पान वाढीन. तोवर तुमचं तुम्ही बघा."

बहिणीने हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला, यजमानांनी ताक मागितलं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत मिटेल. संध्याकाळी काकूंनी दोन माणसांचा भात लावला. एक त्या, एक मी.

खरं म्हणजे काकांसमोर बसून काकूंच्या हातचं जेवताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट बरं वाटलं, खरं सांगते. दोन शब्दांचा प्रश्न होता. मी त्यांना म्हटलंही, "म्हणून टाका ना काका, काय जातंय?"

"छान ही ग्रेड नाही," काका म्हणाले. "छानला काही माप आहे का? छत्तीस वर्षांत मी एक गासडी खोटी पास केली नाही. आता घरात करू?"

मग खा हवा. पण हवा खायची वेळ आली नाही, कारण तिथे माझं पाप आडवं आलं. लॅबमधून यायला उशीर झाला तर असावीत म्हणून मी कपाटात थाई नूडल्सची पाकिटं ठेवायचे. मार्केटजवळच्या एका गल्लीत बाहेरून आलेला, तारीख संपत आलेला माल स्वस्तात मिळतो, तिथली. अगदी हलकी, पाकिटावर सगळं थाई लिहिलेलं, पाठीमागे वाकडं चिकटवलेलं एक लेबल. दुसऱ्या दिवशी काका त्यातलं एक पाकीट घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "हे कसं करतात?" मी सांगितलं, पाणी उकळा, हे टाका, तीन मिनिटं थांबा, मग ह्या पुड्या. त्यांनी मान डोलावली. त्यातली लाल तेलाची पुडी त्यांनी शाम्पूची समजून बाथरूममध्ये ठेवली. नशिबाने वापरायच्या आत मला वास आला.

स्वयंपाकघर काकूंचं, त्यामुळे काकांनी गॅलरीत इंडक्शनची शेगडी मांडली. तिथून पुढे जे सुरू झालं त्याला मी जेवण म्हणणार नाही. ती परीक्षा होती. गॅलरी उत्तरेला, आणि कापूस बघायचा तर उत्तरेच्याच उजेडात, उन्हात नाही आणि ट्यूबलाइटखाली तर नाहीच. म्हणून नवं पाकीट फक्त सकाळी उघडायचं. खाली काळा कागद. त्यावर नूडल्सची चकती. एक काडी मोडून आवाज ऐकायचा. मग शिजवून एक तार काढायची, दोन चिमटींत धरून ती तुटेपर्यंत हळूहळू ओढायची आणि कंपासपेटीतल्या पट्टीवर ठेवून मोजायची. वाळलेली कोथिंबीर आणि गाजराचे तुकडे हा कचरा. तो वेचून बशीत वेगळा, त्याचं प्रमाण वेगळं लिहायचं. तोवर उरलेल्या नूडल्सचा लगदा झालेला असायचा. तो ते शांतपणे खायचे.

प्रत्येक जातीचा कच्चा नमुना निळ्या कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून ते कपाटात ठेवायचे, कापसाचे ठेवत तसे. पंधरा दिवसांत कपाटात मुंग्या झाल्या. त्या मुंग्या कुठल्या नमुन्याला लागल्या आणि कुठल्याला नाही, हेही त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं.

श्रावण लागला तेव्हा तर कमाल झाली. त्या घरात श्रावणात मासे बंद. सोमवारी सकाळी गॅलरीतून सुकटीचा असा वास सुटला की काकू पूजा अर्धी टाकून बाहेर आल्या. नवऱ्याशी बोलणं बंद, म्हणून त्यांनी मला विचारलं, "विचार त्यांना, आज वार कोणता?"

काका मला म्हणाले, "सांग तिला, हा फक्त फ्लेवर आहे. कोळंबीचे चार तुकडे होते ते कचऱ्यात काढले. माल शाकाहारी आहे."

"माका काय सांगू नको," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. काकू चिडल्या की मालवणी बाहेर यायची. दुपारी पाहिलं तर त्यांनी गॅलरीत गोमूत्र शिंपडलं होतं, शेगडीसकट.

महिनाभराने काकांना शोध लागला की हा माल आहे तसा फुल्ली गुडच्या वर जाणार नाही, तो सुधारायला हवा. वास्तविक पारख्याचं काम प्रत सांगण्याचं, माल सुधारण्याचं नाही. पण भूक काय काय करायला लावते. त्यांनी मला ऑफिसच्या वेळेत फोन करून विचारलं, "ह्यात लिंबासारखा वास येतो तो गवताचा का?" मी म्हटलं, हो, आपल्या गवती चहाचाच. झालं. दुसऱ्या दिवशी गॅलरीत गवती चहाची जुडी. मग पुडीतल्या आंबटपणाला धार नाही म्हणून आमसुलं. साखर उथळ लागते म्हणून गूळ. मग एक दिवस, "नारळाचं दूध कसं काढतात गं?"

मला कुठे येतंय. मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंना विचारलं. काकू विळीवर बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "नारळ कोवळा नको. खवलं की आधी कोमट पाणी घालायचं, कढत नाही. पहिलं दूध वेगळं ठेवायचं, ते शेवटी, गॅस बंद करून. नाहीतर फुटतं." मी सात पावलं चालून गॅलरीत आले आणि तेच काकांना सांगितलं. मग काका म्हणाले, विचार, आलं किती. परत सात पावलं. असा माझा एक अख्खा रविवार गेला. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

शेवटी काकूंनी स्वतःहून एक निरोप दिला. "सांग त्यांना, मिठाची पुडी अर्धीच घाला. पायांना सूज आलीय. मोज्याची खूण सकाळपर्यंत जात नाही."

काकांनी ते ऐकलं आणि पुडी पूर्ण घातली, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते म्हणून. मग भांडं खाली उतरवून पहिलं दूध घातलं, चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. "फाइन," ते म्हणाले, आणि मग मोठ्याने, "फाइन आहे हे!"

आत विळीचा आवाज थांबला.

मला तेव्हा त्यांचा राग आला. खराखुरा, कानशिलं तापेपर्यंत. ज्या बाईला एकेचाळीस वर्षं फुल्ली गुडच्या पुढे जाऊ दिलं नाही, तिनेच सांगितलेली कृती, आणि फाइन कोणाला, तर तारीख संपत आलेल्या पाकिटाला. मी म्हटलं, "काका, हे फाइन कोणाचं? पाकिटाचं, की नारळाच्या दुधाचं?"

"ग्रेड सबंध लॉटची असते."

"मग लॉट कोणी बनवला?"

"तुला ह्यातलं कळत नाही," ते म्हणाले आणि वाटी घेऊन पाठ फिरवून बसले. त्या दिवशी काकूंनी माझ्यापुरतं केलं. स्वतः जेवल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझी बोटं दुखतायत गं वाल सोलल्यापासून." बिरड्याला तेव्हा दोन महिने झाले होते.

भाद्रपद संपता संपता काकूंना ताप आला. साधा ताप, मी लॅबमधून तपासून आणला, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण बाई पार गळून गेली. मला रजा मिळेना. डबा लावू म्हटलं तर काका म्हणाले, "मी आहे ना." आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा ते स्वयंपाकघरात शिरले.

संध्याकाळी मी आले तर काकू उशीला टेकून बसलेल्या, हातात वाटी. थाई नूडल्स, गवती चहा, आमसूल, नारळाचं दूध, सगळं साग्रसंगीत. काका पलंगाच्या पायाशी उभे. काकूंनी एक घास घेतला. दुसरा घेतला. काका एक पाय पुढे टाकत, मागे घेत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाला प्रत लावणाऱ्या माणसाने पहिल्यांदा स्वतःचा माल समोर ठेवला होता. शेवटी राहवेना म्हणून विचारलंच, "कसं झालंय?"

"छान झालंय," काकू म्हणाल्या. लगेच. मान कलती केली नाही, उजेडाकडे धरलं नाही. वाटी संपवली, पाणी प्यायल्या आणि आडव्या झाल्या.

काका तरंगत स्वयंपाकघरात गेले. दोन मिनिटांनी मला हाक आली. ते टोपासमोर चमचा धरून उभे होते. "चाखून बघ."

मी चाखलं. समुद्राचं पाणी बरं. गडबडीत त्यांनी मिठाची पुडी दोनदा घातली होती. ते खाऊन बसलेल्या माणसाला कसं झालंय म्हणून विचारलं तर त्याने खरं म्हणजे वाटी फेकून मारायला हवी होती.

"खोटं बोलली ती," काका म्हणाले. रागावले नव्हते. एखादा हिशोब जुळत नाही तसे बघत होते. "एवढं खारट. सगळं संपवलं. आणि म्हणते छान झालंय."

"हो काका."

"का पण?"

मी सिंकमधली भांडी घासायला घेतली. काका रोज सकाळी अंघोळ करताना नाट्यपदं म्हणायचे. सबंध मजला दारं लावून घ्यायचा आणि काकू शेजारणीला सांगायच्या, "छान गातात हो." ते त्यांना आठवलं असावं. अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "मग माझं गाणं?"

मी नळ जरा मोठा सोडला.

पुढचे चार दिवस काका गायले नाहीत. मजल्यावरच्या तीन जणींनी मला जिन्यात गाठून काकांची तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. काकांनी नूडल्स केल्या, काकूंना दिल्या, पुडी चमच्याने मोजून. पण काळा कागद काढला नाही, पट्टी काढली नाही. चिठ्ठी लिहायला घेतली आणि कोरीच ठेवली.

पाचव्या दिवशी काकूंचा ताप उतरला. रविवार होता. मी नको नको म्हणत असताना त्या उठल्या आणि मुगाची खिचडी टाकली, दोघींपुरती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वास जिन्यापर्यंत गेला तेव्हा धावले. काकूंना ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागला होता. गॅस मीच बंद केला. खाली काळी खरपूड, आणि वरचा चांगला दिसणारा भातही धुराने कडू झालेला. काकू टोपात बघत राहिल्या. "करपलं गं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून कधी करपलं नव्हतं." आणि ताप असताना न रडलेली ती बाई खिचडीसाठी रडायला लागली.

काका दारात आले होते. टोपाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता जर ह्यांनी चिमूट उचलली तर आज मी भाड्याची खोली सोडते. त्यांनी चिमूट उचलली नाही. चमचा घेतला, करपलेल्या बाजूनेच भरला आणि तोंडात घातला. चावायला त्यांना बराच वेळ लागला. गिळताना डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं होतं की कशाचं कोण जाणे.

"छान झालीय," काका म्हणाले.

काकूंनी पदराने नाक पुसलं. "करपलीय ती."

"हो."

"कडू लागतेय."

"हो," काका म्हणाले. मान ताठ, बोटांनी शर्टाची कड घट्ट धरलेली. "छान झालीय."

मला त्या माणसाची चीड आली. सोलकढी झाली, तिखलं झालं, बिरडं झालं, तेव्हा दात आवळून बसलेला माणूस. ते दोन शब्द शेवटी त्याने वापरले कुठे, तर करपलेल्या खिचडीवर. छत्तीस वर्षांत एक गासडी खोटी पास केली नव्हती म्हणे.

काकू भिंतीला हात धरून उठल्या, फळीवरून तिसरं ताट काढलं आणि पदराने पुसून खाली मांडलं.

"त्या पाकिटांनी जीभ गेलीय तुमची," त्या म्हणाल्या. "बसा."